सागरावरील वायुविलयांचे दीर्घकालीन उपग्रह-निरीक्षण

हवेत तरंगणारी धूळ, समुद्री मीठ, धूर, सल्फेट अशा सूक्ष्म कणांना वायुविलय किंवा एरोसोल म्हणतात. समुद्रावर त्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे कसे बदलते, हे उपग्रहांवरून मोजतात. मोजायची राशी म्हणजे प्रकाशीय जाडी, म्हणजे हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात याचे माप. ती 0.1 असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे 90 टक्के प्रकाश थेट खाली पोचतो, 0.5 असेल तर 61 टक्केच. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ हवेत ती 0.1च्या आत असते.

समुद्राची निवड सोयीची आहे. लाल आणि अवरक्त प्रकाशात खोल पाणी जवळजवळ काळे दिसते, त्यामुळे वर चमकते ते बहुतांशी हवेतले. जमिनीवर मात्र माती, पिके, घरे यांची चमक मध्ये येते.

1981पासूनची सर्वांत लांब नोंद नोआ या अमेरिकी हवामानसंस्थेच्या उपग्रहांवरील एव्हीएचआरआर या प्रकाशमापक उपकरणाची आहे. एल चिचोन (1982) आणि पिनातुबो (1991) या ज्वालामुखींचे उद्रेक तिच्यात ठळक उठून दिसतात. मात्र हे उपकरण हवामानासाठी बनवलेले. त्याच्या दृश्य पट्ट्यांना उपग्रहावर अंशांकनाची, म्हणजे मोजमाप ज्ञात प्रकाशाशी ताडून पाहण्याची, सोय नव्हती. म्हणून लिबियाच्या वाळवंटासारखी, फारशी न बदलणारी जागा पुन्हापुन्हा पाहून त्याची उतरती संवेदनक्षमता ठरवावी लागली. शिवाय उपग्रहाची वेळ सरकत गेली : दुपारी जाणारा उपग्रह काही वर्षांत संध्याकाळकडे झुके आणि सूर्याचा कोन बदले.

नासाच्या टेरा (1999) आणि अ‍ॅक्वा (2002) या उपग्रहांवरील मोडिस या प्रकाशमापक उपकरणाची पद्धत बारकाईची आहे. 10 किमी चौकटीत अर्ध्या किलोमीटरचे 400 ठिपके येतात. सूर्याचे प्रतिबिंब जिथे चकाकते तो भाग, म्हणजे चकाकीकोन (उपग्रहाची नजर आणि आरशासारख्या परावर्तनाची दिशा यांतला कोन) 40 अंशांपेक्षा कमी असलेला, आधीच सोडतात. मग 3×3 ठिपक्यांत चमक फार बदलत असेल तर तिथे ढग मानतात. उरलेल्यांतले सर्वांत तेजस्वी 25 टक्के आणि सर्वांत काळे 25 टक्के काढून टाकतात. बाकीच्यांची सरासरी सूक्ष्म व स्थूल कणांच्या तयार नमुन्यांशी जुळवून पाहतात. दाट धूळही खडबडीत दिसते, म्हणून ढग समजून टाकली जाण्याचा धोका असतो. धूळ निळा प्रकाश शोषते. निळ्या-लालाचे गुणोत्तर बरेच खाली असेल तर तो ठिपका परत घेतात. वारा वाढला की फेस येतो आणि पाणी काळे राहत नाही, त्यामुळे गणितात वाऱ्याचा वेगही धरावा लागतो.

खरी अडचण इथे आहे : दशकभराचा बदल अनेकदा शतांशात असतो आणि उपकरणांतला फरकही तेवढाच. टेराचे सागरी आकडे अ‍ॅक्वापेक्षा साधारण 0.015ने जास्त येतात. दोन्ही नोंदी न जुळवता एकापुढे एक जोडल्या, तर कल म्हणून जोडाची पायरीच हाती लागते. पडताळणीसाठी एरोनेट या जमिनीवरील मोजणी-केंद्रांच्या जाळ्यातले, बेटांवरचे सूर्यप्रकाशमापक आणि जहाजांवर हातात धरून वापरायची मायक्रोटॉप्स यंत्रे असतात. पण खुल्या समुद्रात ती विरळच.

अरबी समुद्राचे उदाहरण घ्यावे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा उपखंडाचा धूर-सल्फेट समुद्रावर नेतो. 1999च्या इंडोएक्स या हिंदी महासागरावरील मोजणी-मोहिमेने हाच झाकोळ मालदीवपर्यंत मोजला. जून-जुलैत अरबस्तानाकडून धूळ येते, जाडी वाढते, पण नेमके तेव्हाच कोकणासमोरचा समुद्र ढगांखाली असतो. त्या महिन्याची सरासरी मोजक्या उघड्या दिवसांवर उभी असते. म्हणून आकड्यासोबत किती दिवस मोजणी झाली तेही तपासावे.