रेड क्लिफ: ८ कोटी डॉलर परत आले कुठून?

इ.स. २०८ चा हिवाळा. उत्तरेचा सत्ताधीश छाव छाव अवाढव्य सैन्य घेऊन यांगत्से नदीवर उतरला होता. समोर सुन च्वान आणि ल्यू बेई यांची तुटपुंजी आघाडी. छाव छावची जहाजं एकमेकांना जोडून उभी आहेत हे दक्षिणेकडच्यांनी हेरलं, वारा आपल्या बाजूचा होईपर्यंत वाट पाहिली आणि पेटत्या नावा त्या आरमारावर सोडल्या. लाल कड्याची ही लढाई चीनमध्ये पोरासोरांनाही ठाऊक असते. तीच 'रेड क्लिफ' या नावाने पडद्यावर आणायला दिग्दर्शक जॉन वू यांनी सुमारे ८ कोटी डॉलर खर्च केले. आशियाई पैशातून तयार झालेला तोवरचा हा सर्वांत महागडा चित्रपट. पहिला भाग जुलै २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर लागला आणि दुसरा जानेवारी २००९ मध्ये. पहिल्या भागाने चीनमध्ये ३० कोटी युआनच्या पुढे गल्ला जमवून चिनी चित्रपटांचा विक्रम मोडला.

एवढं वाचून कोणीही म्हणेल, निर्मात्यांचं भलं झालं. प्रत्यक्षात या विक्रमी गल्ल्यातून खर्चाचा चौथा हिस्साही वसूल झाला नव्हता.

प्रेक्षकाने खिडकीवर दिलेल्या १०० युआनचं पुढे काय होतं, ते बघू. त्यातले ५ युआन सरकारच्या चित्रपट विकास निधीत जातात. चित्रपटगृहं बांधायला आणि सुधारायला हा पैसा वापरतात. साधारण ३.३ युआन तेव्हाच्या करात जात. उरले ९१.७. त्यातला ५७ टक्क्यांच्या आसपास वाटा चित्रपटगृह आणि त्याची साखळी मिळून घेतात. म्हणजे निर्माता आणि वितरक यांच्या हाती मिळून ३९ युआन लागतात. त्यातूनच वितरकाचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वजा होतो. म्हणून चीनमध्ये ढोबळ हिशेब असा सांगतात की घरच्या बाजारावरच तगून राहायचं तर चित्रपटाने खर्चाच्या तिप्पट गल्ला करायला हवा.

आता रेड क्लिफचे आकडे घालू. चीनमध्ये पहिल्या भागाने सुमारे ३२ कोटी युआन केले, दुसऱ्याने २६ कोटी. एकूण ५८ कोटी. त्याचे ३९ टक्के म्हणजे जेमतेम २३ कोटी युआन. तेव्हाच्या दराने सव्वातीन कोटी डॉलर, तेही वितरण आणि जाहिरातीचा खर्च वजा करण्याआधी. खर्च ८ कोटी डॉलर.

घरचा बाजार अपुरा पडणार हे निर्मात्यांना आधीच माहीत होतं. २००८ साली सबंध चीनमध्ये पडदे होते जेमतेम ४,१००, आणि लोकसंख्या १३० कोटींच्या वर. देशभरातल्या सगळ्या चित्रपटांचा वर्षभराचा गल्ला साडेचार अब्ज युआनच्याही आत. एवढ्या बाजारात ८ कोटी डॉलरचा चित्रपट मावतच नव्हता. म्हणून पैसा उभा करतानाच जोखीम वाटून घेतली. चायना फिल्म ग्रुपच्या जोडीला जपानची एव्हेक्स, दक्षिण कोरियाची शोबॉक्स, तैवानची सीएमसी अशा कंपन्या आल्या. ज्याने पैसा घातला, त्याच्याकडे त्याच्या देशातलं वितरणही. असं केल्याने पैसा तर येतोच, शिवाय प्रत्येक देशात चित्रपट चालावा म्हणून जीव तोडून धडपडणारं कोणीतरी असतं.

या सगळ्यात मला जपानचा हिशेब सर्वांत विलक्षण वाटतो. तिथे दोन्ही भागांनी प्रत्येकी ५ अब्ज येनच्या वर कमाई केली, मिळून साडेदहा अब्जांच्या आसपास. डॉलरमध्ये १० कोटींहून जास्त. चीनमधला दोन्ही भागांचा गल्ला साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास होता. म्हणजे चिनी इतिहासातल्या या लढाईसाठी जपानी प्रेक्षकाने चिनी प्रेक्षकापेक्षा जास्त पैसे मोजले. तीन राज्यांच्या काळातल्या या कथा जपानमध्ये शेकडो वर्षं वाचल्या जातात. कादंबऱ्या, चित्रकथांचे खंडच्या खंड आणि पुढे व्हिडिओ गेम यांतून तिथल्या तीन पिढ्यांना छाव छाव आणि ल्यू बेईचा सल्लागार जूगे ल्यांग हे आपलेच वाटत आले आहेत. पण नुसत्या प्रेमाने गल्ला भरत नाही. जपानची लोकसंख्या चीनच्या दहाव्या हिश्श्याइतकी, तरी पडदे ३,३००च्या वर होते, आणि तिकीट सरासरी १,२०० येनच्या घरात, म्हणजे चीनमधल्या तिकिटापेक्षा बरंच महाग. त्यात २००८ च्या आर्थिक संकटात येन वधारला. ऑगस्टमध्ये डॉलरला १०८ येन पडत होते, डिसेंबरात ९०. पहिला भाग जपानमध्ये लागला तो नेमका नोव्हेंबरात.

चलनाचा फासा खर्चाच्या बाजूला मात्र उलटा पडला होता. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा, एप्रिल २००७ मध्ये, डॉलरला ७.७ युआन मिळत. सव्वा वर्षात ते ६.८५ वर आले. डॉलरमध्ये उभा केलेला आणि युआनमध्ये खर्चलेला प्रत्येक पैसा अकरा टक्क्यांनी आटला. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच चाऊ युन-फॅट बाहेर पडले आणि त्यांच्या जागी टोनी लिउंग आले. एवढ्या मोठ्या चित्रपटात नट बदलला तरी शेकडो माणसांचा भत्ता, घोड्यांचा चारा आणि भाड्याची यंत्रं चालूच असतात.

आरमाराचा खर्च वेगळ्याच नियमाने वाढतो. लाकडाचं खरं जहाज बांधायचं तर पहिल्याला जेवढा खर्च, तेवढाच दुसऱ्याला आणि दहाव्याला. संगणकावर मात्र सगळा खर्च पहिल्या जहाजावर होतो. ते एकदा नीट घडलं की पुढची शेकडो जवळपास फुकट उभी राहतात. म्हणून कॅमेऱ्याजवळची जहाजं खरी बांधायची आणि क्षितिजापर्यंत पसरलेला ताफा संगणकावर उभा करायचा, हा शहाणपणाचा हिशेब. अडचण पाणी आणि आगीची. तेव्हाच्या संगणकांना दोन्ही जड जात. खवळणाऱ्या लाटेचा किंवा ज्वाळेचा प्रत्येक कण दर फ्रेमला नव्याने मोजावा लागतो, नकलून चालत नाही. त्यामुळे बरीचशी आग खरी लावली गेली. जून २००८ मध्ये पेटती नाव जहाजावर आदळण्याचं दृश्य घेताना आग पसरली, एका स्टंटमनचा जीव गेला आणि सहा जण जखमी झाले. चित्रपटाच्या अर्थशास्त्रावर बोलताना ही गोष्ट वगळणं मला योग्य वाटत नाही.

दोन भाग एकाच चित्रीकरणात उरकणं हा हिशेबातला सर्वांत मोठा डाव होता. तेच सेट, तेच कपडे, तीच माणसं, आणि तिकीटविक्री दोनदा. पाश्चात्त्य देशांसाठी मात्र दोन्ही भाग कापून १४८ मिनिटांचा एकच चित्रपट केला. अमेरिकेत त्याने सहा लाख डॉलरच्या आसपास कमावले, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तरी जगभरचा एकूण गल्ला २५ कोटी डॉलरच्या घरात गेला. खर्चाच्या तिप्पट! त्यातला मोठा वाटा आशियाचाच.

त्यानंतर चीनमधले पडदे वीसपटीने वाढले, आज ते ८०,००० च्या वर आहेत. २०२१ मध्ये कोरियन युद्धावरच्या एका चिनी चित्रपटाने ५.७ अब्ज युआनचा गल्ला केला, जवळपास सगळा एकट्या चीनमध्ये. जपानची गरज उरली नाही. तशी जोखीम वाटून घ्यायला भागीदारही उरला नाही. प्राचीन शांग राजवटीवरच्या 'क्रिएशन ऑफ द गॉड्स' या पौराणिक महापटाचे तीन भाग एका दमात चित्रित झाले. २०२३ मध्ये पहिल्या भागाने २.६ अब्ज युआन मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये, वसंतोत्सवाच्या सुट्टीत, दुसरा लागला आणि १.२ अब्जांच्या आसपास थांबला. प्रेक्षक निम्मे झाले म्हणून तिसऱ्या भागाचा खर्च निम्मा करता येत नाही, कारण त्यातला बराचसा पैसा पहिल्या भागाचं तिकीट विकलं जाण्याआधीच खर्च झालेला आहे.