सीआरपी उतरला, प्रोकॅल्सिटोनिन चढलं: आता काय समजायचं?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये घरातलं माणूस कोविड वॉर्डात आणि आपण गेटबाहेर, असे दिवस अनेकांनी काढले. आत सोडत नव्हते. हाती लागायचा तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लॅबचा रिपोर्ट, आणि त्यातल्या आकड्यांवर त्या रात्रीची झोप ठरायची. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही त्यातली जोडगोळी. दोन्ही ‘इन्फेक्शनच्या टेस्ट’, म्हणून दोन्ही एकाच मापाने वाचल्या जायच्या. “सीआरपी १४० आहे, पण प्रोकॅल्सिटोनिन ०.१८च आहे. म्हणजे तसं बरं आहे ना?” नाही, तसं म्हणता येत नाही. कोविडचा अत्यवस्थ रुग्ण अगदी याच दोन आकड्यांसह दाखल होऊ शकतो.

सीआरपी जुना. १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. न्यूमोकोकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला तो चिकटतो, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. पण जिवाणूशी त्याचं नातं नावापुरतंच. तो यकृतात बनतो, आणि बनवायचा हुकूम मुख्यतः इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक रेणूकडून येतो. हुकूम कशामुळे सुटला याच्याशी यकृताला देणंघेणं नाही. विषाणू, जिवाणू, अपघात, ऑपरेशन, संधिवात, काहीही चालतं. रक्तातला सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मा होतो आणि आजारात हा वेग बदलत नाही, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे कारखाना जोरात सुरू, इतकं सरळ गणित आहे. शरीरात दाह किती पेटलाय, एवढंच तो सांगतो.

प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट वेगळी. एरवी ते थायरॉइडमधल्या काही पेशींत कॅल्सिटोनिन या हार्मोनचा कच्चा माल म्हणून तयार होतं आणि रक्तात जवळजवळ उतरतच नाही. १९९३मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की गंभीर जिवाणूसंसर्गात ते रक्तात भरमसाट वाढतं. अशा वेळी थायरॉइडच नव्हे, शरीरातले इतर अनेक अवयव ते बनवायला लागतात. विषाणूसंसर्गात मात्र शरीर इंटरफेरॉन-गॅमा सोडतं आणि तो या निर्मितीला लगाम घालतो. म्हणजे विषाणूच्या आजारात प्रोकॅल्सिटोनिन कमी असणं ही खुशाली नव्हे, ती त्या आजाराची रीत आहे. एक्स-रेत फुप्फुसं पांढरी पडलेली असतानाही ते कमी राहू शकतं.

एककांचाही एक घोळ आहे. प्रोकॅल्सिटोनिन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात आणि तिथे ०.५ ओलांडलं की भुवया उंचावतात. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. कालचा ७५ आणि आजचा ७.५ हे एकच असू शकतं. लॅब बदलल्यामुळे हुश्श म्हणणारे नातेवाईक थोडे नसावेत.

मग पुढचं भाकीत कोण करतं? दाखल होताना सीआरपीला वजन आहे. ब्रिटनमधल्या ३५ हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या नोंदींवरून ‘फोर-सी’ हा मृत्यूचा धोका मोजणारा २१ गुणांचा तक्ता २०२०मध्ये बनला. त्यात सीआरपी आहे, प्रोकॅल्सिटोनिन नाही. पण सीआरपीला मिळतात जास्तीत जास्त २ गुण. ऐंशी किंवा त्याहून जास्त वय असेल तर त्याचे एकट्याचे ७. ज्या आकड्यासाठी आपण रात्रभर जागतो त्याची तक्त्यातली पत एवढीच. शिवाय रक्तातल्या युरियालाही ३ गुणांपर्यंत मिळतात, आणि त्याबद्दल गेटबाहेर कुणी अवाक्षर काढत नसे.

औषध ठरवताना मात्र सीआरपी खरा उपयोगी पडला. ब्रिटनच्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत ऑक्सिजन कमी पडणारे आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेले ४,११६ रुग्ण निवडून निम्म्यांना टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-६ला अडवणारं इंजेक्शन दिलं. २८ दिवसांत औषध मिळालेल्या गटात ३१ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ३५ टक्के.

प्रोकॅल्सिटोनिनचं काम साधारण नंतर सुरू होतं. व्हेंटिलेटरवर आठवडा उलटलेला, आणि इतके दिवस ०.२च्या आसपास असलेला आकडा ३ किंवा ४ वर जातो, तेव्हा विषाणूच्या जोडीला जिवाणू शिरल्याची शंका घ्यावी लागते. पण मूत्रपिंड निकामी झालं तरीही ते चढतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच वाचायचं. दोन्ही कारणं वाईटच, त्यामुळे चढतं प्रोकॅल्सिटोनिन हे वाईट लक्षण ठरतं. बुरशीच्या बाबतीत ते भरवशाचं नाही. म्युकरमायकोसिसच्या लाटेत त्याच्या कमी आकड्याचा आधार घेण्यात अर्थ नव्हता.

आता शीर्षकातला प्रसंग. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६चा हुकूम यकृतापर्यंत पोहोचूच देत नाही. त्यामुळे इंजेक्शननंतर काही दिवसांत सीआरपी धाडकन खाली येतो, रुग्ण सुधारत असो वा नसो. घरचे पेढे वाटायच्या बेतात, आणि आत डॉक्टरांचा चेहरा तसाच. स्टेरॉइडनेही सीआरपी उतरतो, पण इतका सपाट नाही. या औषधानंतर ताप दबतो, प्रोकॅल्सिटोनिनही नेहमीइतकं बोलकं राहत नाही. तरीसुद्धा ते चढलं, तर ते जास्तच मनावर घ्यायचं. अशा वेळी रक्त आणि श्वासनळीतला स्राव कल्चरला, म्हणजे त्यात जिवाणू वाढतात का ते बघायला, जातो. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ नसेल तर ब्लडप्रेशर, लघवी आणि ऑक्सिजनची गरज बघून अँटिबायोटिक आधी सुरू होतं.