वाफेवर अडलेलं इंजिन

माझं इंजिन पहिल्यांदा फिरलं ते पंक्चरच्या दुकानात. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "किती भरू?" मी म्हटलं, "तीस पौंड." मोटारसायकलच्या टायरात भरतात तेवढीच हवा. नळी लावली, चाकाला बोटानं टिचकी मारली आणि तळहातावर मावेल एवढं ते यंत्र शिवणमशीनसारखं कटकट करत पळायला लागलं. दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. एकानं विचारलं, "सर, ह्याच्यावर काय चालतंय?" सध्या काहीच नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

घरी आणून तेच इंजिन बॉयलरला जोडलं. दाब तेवढाच, चौरस इंचाला तीस पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. पाच-सहा फेरे झाले, मग गरम पाण्याची एक पिचकारी थेट माझ्या चष्म्यावर आली आणि चाक जागच्या जागी थांबलं. ढकललं तरी हलेना. अर्ध्या तासानं गार झाल्यावर पुन्हा आपलं मोकळं, जसं काही झालंच नाही.

मी लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या गावात अप्रकट उष्म्याचं गणित (वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता; आमच्या वेळी तिला सुप्त उष्णता म्हणत) पोरं झोपेतसुद्धा सोडवतात. मीच त्यांना शिकवतो. तरीही हवेवर पळणारं इंजिन वाफेवर का अडलं, हे कळायला मला दोन महिने लागले.

आधी यंत्र कसं आहे ते सांगतो. घरी बनवायला सगळ्यात सोपं वाफेचं इंजिन म्हणजे डुलत्या सिलिंडरचं. मोठ्या इंजिनात वाफ आत-बाहेर सोडायला सरकता व्हॉल्व्ह असतो आणि तो हलवायला वेगळी दांडी असते. इथे त्यातलं काहीच नाही. सिलिंडर मधोमध एका खिळीवर टांगलेला असतो आणि पिस्टनची, म्हणजे आत सरकणाऱ्या दट्ट्याची, दांडी थेट चाकाच्या क्रँकला (मध्यापासून बाजूला बसवलेल्या खुंटीला). क्रँक फिरली की दांडी डावी-उजवीकडे जाते आणि तिच्यासोबत सिलिंडरही डुलतो. सिलिंडरच्या पाठीवर एक भोक. तो ज्या उभ्या पट्टीला टेकून डुलतो तिच्यात दोन भोकं, एक बॉयलरकडचं, दुसरं बाहेर सोडायचं. सिलिंडर एका बाजूला कलला की त्याचं भोक बॉयलरच्या भोकावर येतं आणि वाफ आत शिरते. दुसऱ्या बाजूला कलला की वापरलेली वाफ बाहेर. मधोमध सरळ असतो तेव्हा दोन्ही बंद. त्या क्षणी चाक स्वतःच्या वजनानं पुढे जातं, म्हणून चाक जड लागतं. सिलिंडर पट्टीला चिकटून राहावा म्हणून खिळीवर एक स्प्रिंग असते. आत पाणी साचलं तर ही स्प्रिंग दबते, सिलिंडर पट्टीपासून केसभर सुटतो आणि पाणी फटीतून उडतं. माझ्या चष्म्यावर आलं ते हेच पाणी.

सिलिंडरची पाठ आणि पट्टी हे दोन पृष्ठभाग आरशासारखे सपाट हवेत. त्यासाठी फार मोठं मशीन लागत नाही. खिडकीच्या जाड काचेवर वॉटर पेपर पसरायचा, तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यात घासत बसायचं. घासायच्या आधी पाठीवर मार्कर पेनानं रेघोट्या ओढायच्या. सगळ्या रेघोट्या सारख्या पुसल्या गेल्या की काम झालं. माझ्या एका कोपऱ्यातली रेघ तीन संध्याकाळी जाईना. टीव्हीसमोर बसून हे करता येतं, घरचे चालू देत असतील तर.

लेथचं काम मी औसा रोडवरच्या एका टर्नरमामांकडे बसून करतो. अडलेलं इंजिन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पिस्टन बाहेर ओढला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "सर, आल्मुनियम घातलाव का आत? मंग अडकणारच की."

हिशोब घरी येऊन केला. आधी करायला हवा होता. सिलिंडर पोलादाचा, भोक १० मिलिमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमचा, हातानं अलगद सरकेल असा, फट जेमतेम १० मायक्रॉन. आपला केस याच्या पाच-सातपट जाड असतो. दोन किलो दाबाची वाफ साधारण १३० अंशांची, खोली ३० ची, म्हणजे तापमान १०० अंशांनी चढलं. एवढ्यात १० मिलिमीटर पोलाद १२ मायक्रॉन फुगतं आणि तेवढंच ॲल्युमिनियम २३. फरक ११ मायक्रॉन. फट होती १०. कॉम्प्रेसरची हवा तापलेली नसते, म्हणून तिथे हे उघडं पडलं नाही.

दुसरा सिलिंडर गनमेटलचा (ब्राँझचाच एक प्रकार) केला आणि पिस्टन स्टेनलेस स्टीलचा. हे दोघं जवळजवळ सारखेच फुगतात. आता इंजिन अडकलं नाही, पण चाललंही नाही धड. खोकायचं, पाणी थुंकायचं, थांबायचं. बोटानं फिरवत राहिलं की मिनिटभरानं एकदम शुद्धीवर येऊन पळायचं. वाफ मात्र इतकी खायचं की बॉयलर धापा टाकायचा.

इथे जेम्स वॉट आठवला. किटलीचं झाकण उडताना बघून त्याला इंजिन सुचलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती विसरा. त्याच्या आधी, १७१२ पासूनच, थॉमस न्यूकोमेनची इंजिनं इंग्लंडमधल्या खाणींतलं पाणी उपसत होती. वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक वर्गात दाखवायचं मॉडेल दुरुस्तीला आलं. सिलिंडर दोन इंच रुंद, पिस्टनची चाल सहा इंच, म्हणजे आपल्या घरगुती छंदाच्याच मापाचं. वॉटनं ते नीट केलं, पण चार फेरे मारले की वाफ संपायची. मोठी इंजिनं दिवसचे दिवस चालत होती, आणि हे त्याच प्रमाणात लहान केलेलं मॉडेल दम टाकत होतं.

कारण त्या 'प्रमाणात'च लपलेलं होतं. सिलिंडरची सगळी मापं निम्मी केली की आतली जागा आठव्या हिश्शावर येते, पण भिंत चौथ्याच हिश्शावर. म्हणजे वाफेच्या प्रत्येक थेंबाच्या वाट्याला दुप्पट भिंत. वाफ काम करते आतल्या जागेत आणि मरते भिंतीवर. गार धातूला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि पाणी झालेली वाफ पिस्टन ढकलत नाही. न्यूकोमेनच्या इंजिनात तर प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये गार पाणी सोडून वाफ मुद्दाम जिरवत, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर नव्यानं तापवायचा. वॉटनं मोजलं तेव्हा एका फेऱ्याला सिलिंडरच्या पोटात मावते त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होत होती. वाफ दुसऱ्या, वेगळ्या भांड्यात जिरवायची आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा, ही युक्ती त्याला १७६५ मध्ये सुचली. १७६९ मध्ये पेटंट. मोठ्या इंजिनात ही चोरी झाकून राहिली होती. लहान मॉडेलनं ती चव्हाट्यावर आणली.

माझ्या सिलिंडरचा हिशोब असा. वजन ६० ग्रॅम. गनमेटल १०० अंशांनी तापवायला सुमारे २,३०० ज्यूल लागतात. एक ग्रॅम वाफ पाणी होताना जवळपास तेवढेच ज्यूल सोडते. आणि या दाबाच्या एक ग्रॅम वाफेत माझ्या इंजिनाचे पावणेचारशेवर फेरे होतात, कारण एका फेऱ्याला दीड घनसेंटिमीटर वाफ पुरते. म्हणजे सिलिंडर नुसता तापेपर्यंतच जवळपास चारशे फेऱ्यांची वाफ भिंतीत जिरणार, आणि मी पाचव्या फेऱ्याला 'चालत का नाही' म्हणून त्याच्यावर डोळे वटारत होतो! हवेचं पाणी होत नाही. पंक्चरच्या दुकानात फसलो तो इथेच.

ताकदीचं म्हणाल तर मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, काहीही वाया न जाता, तीन वॉट निघतात. प्रत्यक्षात एखादा. मोबाइलच्या साध्या चार्जरलासुद्धा पाच लागतात. रिक्षावाल्याला दिलेलं उत्तर बरोबरच होतं.

सिलिंडरच्या बाबतीत लहानपण आडवं येतं, पण बॉयलरच्या बाबतीत तेच धावून येतं. नळकांड्याच्या भिंतीवरचा ताण दाब आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरतो. माझा बॉयलर म्हणजे मोठ्या एसीच्या तांब्याच्या पाइपचा भंगारात मिळालेला तुकडा, ५० मिलिमीटर रुंद, १.२ मिलिमीटर जाड. दोन किलोला त्याच्या भिंतीवर दर चौरस मिलिमीटरला जेमतेम चार न्यूटन ताण येतो. मऊ तांबं तुटायला २०० च्या आसपास लागतो. हाच पत्रा घेऊन मीटरभर रुंदीचा ड्रम केला तर ताण वीसपट. धोका असतो तो सांध्यांना. साधं कल्हईचं डाख इथे चालत नाही. शिसं-कथलाचं डाख १८३ अंशांना वितळतं. वाफ १३० ची असली तरी पाणी संपून तांबं उघडं पडलं की ज्योतीवर ते आकडे केव्हाच मागे टाकतं. म्हणून चांदीचं डाख, ६०० अंशांच्या वर वितळणारं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे बसून ते शिकलो. टोकाच्या चकत्या मात्र मी स्वतः ठोकल्या. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं आणि हातोड्याखाली ठस्स ठस्स आवाज करतं. कडा वळवत गेलं की आवाज हळूहळू चढतो. टणटण वाजायला लागलं की थांबायचं आणि पुन्हा लाल करायचं. नाही थांबलं तर कडेला चीर जाते. माझी पहिली चकती गेलीच.

सेफ्टी व्हॉल्व्हसाठी स्वयंपाकघरात जा. कुकरची शिट्टी हा वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्हच आहे. खालचं भोक ३ मिलिमीटर धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. एक किलो दाबाला ते झाकून ठेवायला ७० ग्रॅम वजन पुरतं. दाब वाढला की शिट्टी उचलली जाते. कुकरचा पूर्वज केला डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं, १६७९ मध्ये, हाडं शिजवून मऊ करायला, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्याचाच. त्याच माणसानं १६९० मध्ये सिलिंडरात पिस्टन घालून तो वाफेनं उचलून दाखवला. म्हणजे कुकर थोरला भाऊ, इंजिन धाकटं.

कायद्यानं २५ लिटरपेक्षा लहान भांडं 'बॉयलर'मध्ये मोडत नाही, त्यामुळे माझा बॉयलर तपासायला कुणी निरीक्षक येत नाही. म्हणून चाचणी स्वतःच करायची, आणि ती गार पाण्यानं. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि प्लंबर लोक पाइपलाइन तपासायला वापरतात त्या हातपंपानं चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे चार किलो, चढवून काटा हलतो का बघत बसायचं. गार पाणी दाबलं जात नाही. सांधा सुटला तर फक्त ओघळ येतो. वाफेवर सुटला तर आतलं १३० अंशांचं पाणी क्षणात उसळतं. पाव लिटरपेक्षा कमी, २०० मिलिलिटर पाण्यात १०० अंशांच्या वरची उष्णता सुमारे २५ हजार ज्यूल भरते. सगळी धक्क्यात जात नाही, पण थोडीसुद्धा पुरते. ही चाचणी न करणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

राहिलं पाणी. लातूरकराला पाण्यावर बोलायला लावू नये. २०१६ च्या एप्रिलात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. एरवी बोअरचं पाणी इतकं जड की उन्हाळा संपेपर्यंत कूलरच्या गवतावर पांढरा थर चढतो. तोच थर बॉयलरच्या तळाला बसला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि तांबं जळतं. मी पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवतो. संपलं की इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड.

शेवटची दुरुस्ती अगदी साधी निघाली. सिलिंडरला घोंगडीच्या लोकरीची दोरी गच्च गुंडाळली, वाफेचा पाइप निम्मा छाटला आणि त्यालाही तीच दोरी. सुरू करताना सिलिंडर आधी तापू द्यायचा, पाणी थुंकू द्यायचं, घाई नाही. पूर्वी मिनिटाला सहा-सात ग्रॅम पाणी लागायचं, ते पाचावर आलं. कागदावरचा आकडा दीडच आहे, पण वॉटलाही तो गाठता आला नव्हता, मी कोण?

डिसेंबरच्या एका गार सकाळी गच्चीवर बारा मिनिटं चाललं. थंडीत एक गोष्ट स्वच्छ दिसते. नळीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा ढग त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ ती रिकामी जागा. ढग म्हणजे गार झालेले पाण्याचे थेंब.

वडील खुर्ची ओढून बसले होते. त्यांच्या तरुणपणी लातूरहून बार्शीकडे जायची ती बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांवरची आगगाडी. १९११ साली ती लातूरपर्यंत आली. खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळशाची कच जायची, हे ते अजून सांगतात. त्यांनी डोळे मिटून कटकट ऐकली, ढगात हात घालून बघितला, मग नाकाशी नेला.

"वास येईना की रे कोळशाचा."

"स्पिरिटवर आहे, बाबा."

"हां. मंग गाडी न्हाई ही."

पाणी संपत आलं होतं. मी ज्योत विझवली.