शेअर्ड होस्टिंगवरून क्लाउड सर्व्हरवर स्थलांतर

एकाच यंत्रावर इतर शेकडो साइटींसोबत चालणारे संकेतस्थळ तिथून काढून स्वतंत्र आभासी सर्व्हरवर नेण्याची प्रक्रिया. फायली, डेटाबेस, ईमेल, एसएसएल प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीचा दाखला) आणि डीएनएस नोंदी (डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या) हे सगळे तीत हलवावे लागते. फायलींची नक्कल हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. होस्टिंग कंपनी आजवर न सांगता जी कामे करत होती ती यापुढे कोण करणार, याचा विचार आधी केलेला नसला तर नवी साइट पहिल्या दिवशी झकास चालते आणि पुढे कुठेतरी अडखळते.

पार्श्वभूमी

एका आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या अंकी पत्त्यावर, अनेक साइटी नांदू शकतात त्या एचटीटीपी १.१ या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमावलीतील ‘होस्ट’ हेडरमुळे. १९९७ साली प्रमाणित झालेल्या या आवृत्तीत ब्राउझर विनंतीबरोबरच डोमेनचे नाव पाठवतो आणि सर्व्हर त्यानुसार योग्य फोल्डर उघडतो. सीपॅनेलसारख्या नियंत्रण पटलांनी यावर कळस चढवला : सर्व्हरवरच्या लिनक्स या कार्यप्रणालीचा गंध नसलेल्या माणसालाही डेटाबेस आणि ईमेल खाते उघडता येऊ लागले. किंमत कमी ठेवायची तर प्रोसेसर आणि मेमरी सर्वांत वाटली जाणार हे ओघाने आले. ‘अमर्याद जागा’ अशी जाहिरात असली तरी फायलींच्या संख्येवर आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांवर मर्यादा असते. क्लाउडलिनक्स या होस्टिंगसाठीच्या लिनक्सवर प्रक्रियांची मर्यादा ओलांडली की पाहुण्याला ५०८ क्रमांकाचा त्रुटी संदेश दिसतो.

ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ ही सेवा चाचणी स्वरूपात खुली केली आणि तासाच्या हिशेबाने सर्व्हर भाड्याने घेता येऊ लागला. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हे आभासीकरण तंत्र (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचे) लिनक्सच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, २.६.२० आवृत्तीत सामील झाले. आज अनेक कंपन्यांचे क्लाउड सर्व्हर त्याच्या आधारे चालतात. ठरलेली मेमरी, रूट अधिकार (सर्व्हरचा पूर्ण ताबा) आणि गरजेप्रमाणे आकार वाढवण्याची सोय हे क्लाउड सर्व्हरचे फायदे. अर्थात स्वस्तातल्या क्लाउड सर्व्हरवरही प्रोसेसर इतरांबरोबर वाटून घ्यावा लागतोच, हे विक्रीच्या पानावर ठळकपणे लिहिलेले नसते.

साइट मंद आहे एवढ्याच कारणासाठी हलवणे बऱ्याचदा वाया जाते. प्रचंड आकाराची चित्रे किंवा इंडेक्स (शोधसूची) नसलेले डेटाबेस तक्ते नव्या सर्व्हरवरही तेवढाच त्रास देतात.

तयारी

डीएनएस नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते. ती ८६,४०० सेकंद असेल तर इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर जुना पत्ता एक दिवस धरून ठेवू शकतात. म्हणून प्रत्यक्ष बदलाच्या निदान एक-दोन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणतात. ऐन बदलाच्या वेळी टीटीएल कमी करून उपयोग नसतो, कारण जुनी मोठी मुदत तोवर सगळीकडे साठलेली असते.

याच काळात जुन्या खात्याची झडती घ्यावी लागते : साइट ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीची आवृत्ती, तिची एक्स्टेन्शन्स (जोड-भाग), उपडोमेने, क्रॉनची म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे, ईमेल खाती. क्रॉन हमखास विसरला जातो. तो फायलींत दिसत नाही, आणि नव्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर (भारतीय वेळेवर नव्हे, जागतिक प्रमाणवेळेवर) असल्याने आठवणीने नेला तरी भलत्याच वेळी चालतो.

नक्कल आणि चाचणी

जुन्या खात्यावर एसएसएच (सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची सोय) मिळत असेल तर आरसिंक हे फायली नकलण्याचे साधन सर्वांत सोयीचे. पहिल्या फेरीत सर्व फायली येतात आणि बदलाच्या दिवशी दुसऱ्या फेरीत फक्त मधल्या काळात बदललेल्या. नंतर आपल्या संगणकाच्या होस्ट्स फायलीत डोमेनपुढे नवा आयपी लिहिला की जगाला जुनी साइट दिसत असताना आपल्याला नवी तपासता येते.

तपासताना सापडणारे दोष बहुतेक ठरलेले असतात. मुखपृष्ठ उघडते आणि आतली सगळी पाने ४०४ (पान सापडत नाही) देतात, कारण पत्ते वळवण्याचे नियम डॉट-एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फायलीत होते आणि नव्या जागचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. नियम त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये नव्याने लिहावे लागतात. किंवा साइट दिसते पण चित्र अपलोड होत नाही. जुन्या जागी पीएचपी बहुधा खातेदाराच्याच नावाने चालत होते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ते सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावाने चालते, आणि फायली मात्र रूटच्या मालकीच्या असतात. अशा वेळी ७७७ (कोणालाही लिहू देणारी) परवानगी देऊन मोकळे होण्याचा मोह आवरावा. मालकी बदलणे हाच उपाय.

मराठी मजकुराच्या जुन्या साइटींना आणखी एक दुखणे असते. तक्त्याचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) लॅटिन-१ हा युरोपीय लिपीचा आणि आत भरलेला मजकूर सर्व लिपी सामावणाऱ्या यूटीएफ-८ मधला, अशी विसंगत जोडी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक दोनदा होऊन ती फिटते. एमवायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप, म्हणजे एका फायलीतली नक्कल, काढताना मात्र हा मजकूर लॅटिन-१ समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित होतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दातील ५ चिन्हांच्या जागी १५ परकी अक्षरे उमटतात. यावर उपाय म्हणजे डंप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे येतात, आणि फायलीतील कॅरेक्टर सेटचे उल्लेख बदलून तो यूटीएफ८एमबी४ (४ बाइटपर्यंतचा पूर्ण यूटीएफ-८) म्हणून आत घ्यायचा. नुसते यूटीएफ८ निवडले तर देवनागरी तगते, पण ४ बाइटच्या इमोजी साठवता येत नाहीत.

प्रत्यक्ष बदल

ए-नोंदीत (डोमेनचा आयपी सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) नवा आयपी लिहिल्यावर काही काळ निम्मे पाहुणे जुन्या सर्व्हरवर आणि निम्मे नव्यावर, अशी स्थिती असते. माहितीपर साइटीला त्याने फरक पडत नाही. ऑर्डर किंवा प्रतिक्रिया घेणाऱ्या साइटीत मात्र दोन डेटाबेस वेगळ्या वाटांनी वाढू लागतात आणि नंतर ते जुळवणे महाकर्मकठीण. म्हणून आधी जुनी साइट देखभाल स्थितीत टाकतात, शेवटचा डंप घेतात आणि मगच नोंद बदलतात.

प्रमाणपत्राचा पेच इथेच उभा राहतो. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी डोमेन ज्या सर्व्हरकडे वळलेले आहे तिथे जाते, म्हणजे प्रमाणपत्रासाठी आधी डोमेन वळवायला हवे आणि वळवले की प्रमाणपत्र तयार होईपर्यंत ब्राउझर इशारे देणार. डीएनएस नोंदीद्वारे पडताळणी करून ते आधीच मिळवता येते, किंवा जुने प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली हाती असल्यास तात्पुरती तीच बसवता येते.

ईमेल हा या सगळ्यातला खरा खड्डा. सीपॅनेलच्या नेहमीच्या मांडणीत एमएक्स नोंद (पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत ते सांगणारी) मूळ डोमेनकडेच बोट दाखवते. त्यामुळे साइटीसाठी ए-नोंद बदलली की येणारी पत्रेही नव्या सर्व्हरकडे वळतात, आणि तिथे मेल सर्व्हरच नसतो. आधी मेलसाठी वेगळे नाव करून त्याला जुना आयपी द्यावा आणि एमएक्स तिकडे वळवावा, नाहीतर मेल एखाद्या स्वतंत्र सेवेकडे सोपवावा. स्वतःचा मेल सर्व्हर क्लाउडवर उभारण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये : अनेक कंपन्या नव्या खात्यांचे २५ क्रमांकाचे, मेल पाठवण्याचे पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवतात, आणि नव्या आयपीवरून गेलेली पत्रे स्पॅममध्ये पडण्याची शक्यता मोठी असते. साइटीतील संपर्क फॉर्मही पुन्हा जोडावा लागतो आणि एसपीएफ नोंद (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात ते सांगणारी) सुधारावी लागते.

नंतरची जबाबदारी

सुरक्षा अद्यतने, फायरवॉल आणि बॅकअप आता मालकाकडे येतात. एसएसएचसाठी पासवर्ड बंद करून किल्ली वापरणे हे पहिले काम, कारण नवा आयपी सुरू होताच पासवर्ड ताडून पाहणारे बॉट त्यावर येऊ लागतात. १ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर गर्दीच्या वेळी कर्नेल मेमरी मोकळी करण्यासाठी एखादी मोठी प्रक्रिया ठार करते, आणि तो बळी बहुधा डेटाबेसचा असतो; साइटीवर ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढेच दिसते, खरे कारण कर्नेलच्या लॉगमध्ये सापडते. त्याच क्लाउड खात्यातल्या स्नॅपशॉटवर (सर्व्हरच्या साठवलेल्या नकलेवर) विसंबणे पुरेसे नाही, कारण खातेच बंद पडले तर स्नॅपशॉटही जातात.

जुने खाते काही आठवडे तसेच ठेवतात. ते बंद करण्यापूर्वी डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) कोणाचे आहेत हे पाहावे लागते. ते जुन्या कंपनीचे असतील तर खात्याबरोबर डीएनएस नोंदीही पुसल्या जातात आणि नव्या सर्व्हरवर धडधाकट चालणारी साइट कोणालाच सापडत नाही.