पाळणा लांबला, पण सगळीकडे नाही

आरोग्य उपकेंद्रात पहिलटकरणीची नोंद करताना नर्सताई वय विचारतात आणि उत्तर पुष्कळदा सासूच देऊन टाकते, "अठरा पूर्ण आहेत की." पोरगी खाली बघत बसलेली असते. दहावी कोणत्या साली दिलीस, एवढं तिलाच विचारलं की खरं वय बाहेर येतं.

लोकसंख्येच्या अभ्यासात हे वाढवलेलं वय एका आकड्याला बाधतं, दुसऱ्याला फारसं नाही. किशोरवयीन जन्मदर म्हणजे १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षभरात झालेले जन्म. सतराची अठरा सांगितली तरी ती मुलगी याच गटात मोजली जाते. अठराच्या आत लग्न झालेल्यांची टक्केवारी मात्र अशा उत्तरांनी आहे त्याहून कमी दिसते. म्हणून दोन्हींतला जन्मदर मला अधिक भरवशाचा वाटतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा हा दर १९९२-९३ मध्ये ११६ होता. पुढे १०७, २००५-०६ मध्ये ९०, २०१५-१६ मध्ये ५१ आणि २०१९-२१ मध्ये ४३. म्हणजे एका पिढीत जवळपास दोन-तृतीयांश घट, आणि ही साधी गोष्ट नाही. पण घसरण एकसारखी नाही. पहिल्या तेरा वर्षांत दर २६ने उतरला, नंतरच्या दहाच वर्षांत ३९ने. मुलीचं लग्नाचं वय कायद्याने १९७८ पासूनच अठरा होतं, तेव्हा नुसत्या कायद्याने हा वेग आला असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे या वयातली बाळंतपणं जवळजवळ सगळी लग्नानंतरची. पहिलं मूल होण्याआधी पाळणा लांबवणारी जोडपी थोडी. त्यामुळे लग्न पुढे गेलं की जन्मही पुढे जातो, आणि लग्नाला थोपवून धरणारी सगळ्यांत भक्कम गोष्ट शाळा. पाचव्या, म्हणजे २०१९-२१च्या पाहणीत शाळेचं तोंडही न पाहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे १८ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांत सुमारे ४ टक्के. इथे जरा जपून वाचायला हवं. काही मुली शाळा सुटली म्हणून बोहल्यावर चढतात, तर काहींची शाळा लग्न ठरल्यामुळेच सुटते. आकडा दोघींना एकाच रकान्यात टाकतो.

आता सोलापूर. याच पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हे प्रमाण २२च्या आसपास. हा आकडा वाचून मन विषण्ण होतं. पण महाराष्ट्रातली पाहणी २०१९च्या उत्तरार्धात झाली. त्या स्त्रियांना अठरा पूर्ण झाली ती साधारण २०१२ ते २०१७ या काळात. म्हणजे हे चित्र तेव्हाचं आहे, आज नववीत बसलेल्या मुलीचं नाही. तिच्यासाठी अजून वेळ आहे.

ऊसतोडीच्या घरांत कारण उघड दिसतं. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्यावर. मुलाचं लग्न झालं की घरात नवा कोयता येतो. दिवाळीच्या सुमारास आईबाप तोडीला गेले की वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती वेगळीच. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत सोबत न्यावं तर शाळा बुडते. मग 'जबाबदारी उरकून टाकू' असं ठरतं. या आईबापांना नुसता दोष देणं मला पटत नाही.

सोळा-सतराव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते. कंबरेचा हाडांचा सांगाडा पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षं रुंदावत राहतो. देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी. त्यात पोटातल्या बाळाचाही वाटा. या वयाच्या आयांना गरोदरपणी झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या आयांपेक्षा जास्त असतो. बाळही कमी वजनाचं होण्याची भीती.

दहावीपर्यंतची शाळा बहुतेक गावांच्या आवाक्यात आली आहे. अकरावीसाठी मात्र तालुक्याला जावं लागतं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो मिळतोही. पण संध्याकाळची गाडी वाडीपर्यंत येते की अंधारात फाट्यावरच सोडते, हे विचारूनच बाप प्रवेशाचा अर्ज भरतो.