दगडी पाला, हळदीचं पेटंट आणि 'अर्क' नावाचा घोळ

विळा लागला की बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा, हे कुणाला नव्याने सांगायला नको. कुठे एकदांडी म्हणतात, कुठे कंबरमोडी, तर काही ठिकाणी नावच जखमजुडी. सुश्रुताचे व्रणाचे साठ उपक्रम (म्हणजे जखमेवरचे साठ उपचार) वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ. फक्त एवढंच, की त्यात हा पाला शोधू नका, ही वनस्पती मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली, आपल्याकडे तण म्हणून माजली. तरी तिच्यावरच्या संशोधन पेपरची पहिली ओळ 'प्राचीन काळापासून'च.

लॅबमधली तपासणी मात्र बरीच अलीकडची. रॅटच्या पाठीवरचे केस काढून ठरावीक मापाची कातडी काढायची, दर चार दिवसांनी जखमेची आउटलाइन ट्रान्सपरंट शीटवर गिरवायची, मग ग्राफ पेपरवर ठेवून चौकोन मोजत बसायचं. दुसऱ्या प्रकारात चीर देऊन टाके घालतात आणि दहाव्या दिवशी चिरेच्या एका कडेला अडकवलेल्या बाटलीत हळूहळू पाणी सोडतात, जखम उघडली की थांबायचं, जेवढं पाणी तेवढी कातडीची ताकद. १९७०च्या दशकापर्यंत या पद्धती बसल्या आणि ८०च्या दशकापासून आपल्याकडे दगडी पालाही त्यातून गेला.

आता खरा घोळ. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून काढलेलं पाणी, ओव्याचा अर्क असतो तसं. चोळून पिळलेला तो स्वरस, वाटलेला तो कल्क, उकळलेला तो क्वाथ. फार्मसी कॉलेजात मात्र पाला सावलीत वाळवायचा, भुकटी करायची, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात तिच्यातून इथेनॉल किंवा मिथेनॉल तासन्‌तास फिरवायचं, हे सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) उडवलं की तळाशी जो काळपट हिरवा चिकट गोळा राहतो त्यालाही अर्कच. तो ५ किंवा १० टक्के मलमात कालवतात, तुलनेसाठी कंट्रोल ग्रुपला नुसता मलमाचा बेस आणि स्टँडर्ड ग्रुपला पोव्हिडोन आयोडीन हे नेहमीचं जंतुनाशक. म्हणजे आज्जी लावायची ते वेगळं, रॅटला लावलं ते वेगळं आणि निष्कर्षात लिहिणार की 'पारंपरिक उपयोग सिद्ध झाला'. अहो, आज्जीकडे कुठे मिथेनॉल होतं! वाळवताना उडून जाणारी द्रव्यं गेली आणि पाण्यात न उतरणारी सॉल्व्हंटमध्ये उतरली, मग नेमकं सिद्ध काय झालं? चुकीचं संशोधन आहे असं म्हणत नाहीये, प्रश्नच दुसरा आहे, एवढंच.

हळदीच्या बाबतीतही लोकांची गल्लत होते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ते चॅलेंज केलं, जुने संदर्भ दिले, त्यात संस्कृत ग्रंथ होते तसा १९५३चा एका भारतीय मेडिकल जर्नलमधला पेपरही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हळदीने जखम भरते हे तिथे सिद्ध झालं असं अजून सांगितलं जातं. छे, वाद होता नवीन आहे की नाही याचा. छापील पुरावा होता म्हणून हळद सुटली, जखमजुडीसाठी कुठला ग्रंथ दाखवणार होते?

त्यानंतर सगळंच पटापट झालं. १९९८ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम आले, २००१ पासून जुन्या ग्रंथांतल्या औषधी योगांचा (औषधांच्या कृतींचा) डिजिटल संग्रह, २००२ मध्ये जैवविविधता कायदा, आता तर हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) आणि नॅनोफायबरच्या (अतिसूक्ष्म तंतूंच्या) पट्ट्या. रॅट मात्र तोच, आणि त्याच्या कातडीखाली एक पातळ स्नायूचा थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते, माणसाची बऱ्याच अंशी खालून मांस भरत आणि वरून नवी त्वचा सरकत. ग्राफ पेपरवर चौकोन कमी झाले यात पाल्याचा वाटा किती हे बघायला आधी नुसत्या बेसच्या ग्रुपचा कॉलम बघावा, पाल्याचा नंतर.