एका साच्यातलं सैन्य

दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून मावळे आणले की कळतं, सगळे एकाच साच्यातले. भाला तोच, मिशी तीच. अंगरखा कुणाचा लाल, कुणाचा हिरवा. 'जावा' या प्रोग्रॅमिंग भाषेतले खेळ चालवणाऱ्या जुन्या मोबाइल फोनवरच्या सुरुवातीच्या युद्धखेळांचं सैन्यही असंच बनायचं, पण नाइलाजानं.

२००० साली आलेल्या नोकिया ३३१०चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, एकरंगी. त्यावर साप पळवता येई, रणांगण मांडणं अवघड. २००२च्या नोकिया ७२१०वर १२८ बाय १२८ ठिपके आणि ४०९६ रंग आले. अडचण वेगळीच होती: त्या पिढीच्या फोनवर प्रोग्रॅम, चित्रं, आवाज असा अख्खा खेळ ६४ केबीत कोंबावा लागे. आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो बहुधा याहून जड निघेल.

खेळाचा ढाचा तयारच होता. २००१मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या खेळयंत्रावर आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स'मध्ये चौकोनांचा नकाशा होता, चाली पाळीपाळीनं. पुण्याच्या पीएमटी बसमध्ये दांडीला लटकून एका अंगठ्यानं खेळायला हे सोयीचं. १६ ठिपक्यांचा चौकोन धरला तर १२८च्या पडद्यावर आडवे आठ, उभे आठ मावतात. म्हणजे बुद्धिबळाचा पटच.

त्या १६ बाय १६मध्ये घोडेस्वार बसवायचा. अभिनव कला महाविद्यालयात पोस्टर कलरनं हात बसलेल्या माणसाला हे काम आईच्या मॅटीच्या कापडावरच्या भरतकामाजवळचं वाटलं असतं: रेघ नाही, टाके मोजायचे. डोळा म्हणजे एक ठिपका. भाला प्रमाणाबाहेर लांब, कारण सैनिक कोणता हे त्यावरूनच कळणार. भोवती गडद कड हवीच, नाहीतर हिरवा शिपाई गवतात हरवतो.

चित्राची पीएनजी फाइल मोजक्या रंगांची असली की प्रत्येक फाइल स्वतःचा मथळा (चित्राच्या आकाराची वगैरे माहिती) आणि रंगांची यादी सोबत घेऊन येते. ती जागा वाचवायला सगळे सैनिक एकाच फाइलीत, एका लांब पट्टीत काढत. जावाच्या मोबाइलसाठीच्या पहिल्या आवृत्तीत चित्र आरशासारखं उलटवण्याची सोयच नव्हती. डावीकडे बघणारा स्वार हवा तर तो वेगळा काढा, किंवा फोन कंपनीच्या खास सोयीवर विसंबा.

खरी करामत रंगांच्या यादीत होती. चित्र उघडताना यादीतले मोजके बाइट बदलायचे, फाइल बिघडलेली नाही हे पडताळणारा तपासणीचा आकडा पुन्हा काढायचा, की निळी फौज लाल. दुसरी फौज जवळपास फुकट! त्यासाठी चित्रकाराला मात्र शिस्त लागे. फौजेचे रंग यादीत ठरलेल्या जागीच हवेत, आणि तीच निळी छटा चुकून तलवारीच्या पात्यावर वापरली तर पातंही लाल व्हायचं.

मग २००३मध्ये नोकिया ६६०० आला, १७६ बाय २०८चा. रुंदी वाढली १.३७५ पट, त्या पटीत चित्र ताणलं की घोड्याचा एक पाय जाड, दुसरा बारीक. सरळ उपाय म्हणजे चौकोन तेवढाच ठेवून नकाशाचाच जास्त भाग दाखवायचा, आडवे ११ आणि उभे १३. सैन्य तसंच राही. नव्यानं काढावं लागे ते पडदाभर पसरणारं सुरुवातीचं चित्र.